पुठ्ठ्यावरचे ठिपके

आमच्या दारात एक टाटा ४०७ उभी असते. १९९७ सालची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती घेतली तेव्हा कंपनी अजून टेल्कोच होती. कागदोपत्री ती हलका ट्रक असली तरी ओतूरच्या पंचक्रोशीत तिला कुणी ट्रक म्हटलं नाही, टेम्पोच म्हटलं. अण्णांनी तिच्यात टोमॅटो भरून नारायणगावला नेले, कांदे भरून माळशेज उतरून कल्याणला, वाशीला नेले, वऱ्हाडं नेली, दिंडीचं सामान नेलं. ते गेल्यावर ती विकायची की ठेवायची यावर घरात तीन दिवाळ्या चर्चा चालली, आणि निकाल लागायच्या आत मी शाळेतून निवृत्त झालो. तीस वर्षं विज्ञान शिकवलेला मास्तर घरी बसला की घरातल्या यंत्रांनी सावध राहायला हवं. पाडव्याला गाडीची पूजा करताना मी जाहीर केलं, की तिचं पाणी कमी होतंय ते मी घरीच बघणार, गॅरेजला न्यायची नाही. मिस्त्रीनं ते काम दीड दिवसात उरकलं असतं. माझं मृग लागला तेव्हा संपलं. मधल्या काळात पदरात पडलं ते असं.

१. गळतीला गळती म्हणायलाच मला महिना लागला. आपल्याकडे गाडी तेल खाते आणि पाणी पिते. ती गळते असं मालक सहसा म्हणत नाही, शेजारी म्हणतात. रोज सकाळी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी घालणं हे मी तुळशीला पाणी घालण्याच्या ओघातच करू लागलो होतो. एकाचे दोन तांबे झाले, मग कळशी आली. मी म्हणायचो, उन्हाळा आहे, पिणारच. वास्तविक रेडिएटर, इंजिन आणि मधल्या नळ्या मिळून एक बंद फेरा असतो. त्यातलं पाणी तापतं, फिरतं, निवतं, पण खर्च होत नाही. महिनोन्महिने पातळी जिथल्या तिथे राहायला हवी. म्हशीला तहान लागते, इंजिनाला लागत नाही. हे मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. पण कळशी ओतणं सोपं आणि गाडीखाली शिरणं अवघड, त्यातून माझं पोट.

२. फळ्यावर लिहिलेलं हातापर्यंत उतरतंच असं नाही. दाब वाढला की द्रवाचा उत्कलनांक वाढतो, हे मी तीस वर्षं प्रेशर कुकरच्या उदाहरणासकट शिकवलं. रेडिएटरचं झाकण हे त्या कुकरचंच भावंड. झाकणावर दाबाचा आकडा कोरलेला असतो. तो ०.९ बार असेल, तर आतलं साधं पाणी १००ऐवजी साधारण ११८ अंशांना उकळतं. म्हणजे काटा लालमध्ये गेलेला असताना आत ११० अंशांचं, अजून न उकळलेलं पाणी असू शकतं, आणि झाकण फिरवून दाब सोडला की ते सगळं एकदम राहिलेलं काम उरकून घेतं. आळेफाट्याच्या अलीकडे, भर दुपारी, रस्त्याच्या कडेला उभा असताना मला यातलं काहीही आठवलं नाही. उजव्या मनगटावर अजून डाग आहे. बायकोनं हात गार पाण्याच्या धारेखाली धरला आणि एवढंच विचारलं, “कुकर असाच उघडता का हो?” खरं तर मी कुकर कधीच उघडलेला नाही. माझे प्रात्यक्षिकाचे गुण बहुधा तिथेच गेले असावेत. आता मी किमान अर्धा तास थांबतो. वरची नळी मुठीत धरवेल इतकी निवली की झाकणावर ओलं पोतं टाकतो, पहिल्या खाचेपर्यंतच फिरवतो आणि तोंड दुसरीकडे करतो. तेवढं थांबायला जमत नसेल तर जवळ एखादं मासिक ठेवावं.

३. नुसतं पाणी पुरावा मागे ठेवत नाही. ते मातीत जिरतं, फरशीवर वाळतं आणि सकाळी आपण संशय घ्यायचा कुणावर? म्हणून मी रेडिएटरमध्ये हिरवं कूलंट घातलं, फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून गाडीखाली सरकवला, आणि तो रोज त्याच जागी यावा म्हणून चाकांच्या रेघा खडूनं आखल्या. (खडू काही सुटत नाही.) सकाळी चहाच्या आधी पुठ्ठा बाहेर ओढायचा आणि कुंडली वाचावी तसा वाचायचा. काळा, पसरट डाग इंजिन ऑइलचा. दाट आणि उग्र वासाचा तो गिअर ऑइलचा. हिरवा, बोटांना गुळगुळीत लागणारा, गोडसर वासाचा, तो आपला. पहिल्या रात्री सात हिरवे ठिपके, सगळे पुढच्या चाकांच्या मधल्या पट्ट्यात, जरा डावीकडे. मी त्यांना पेनानं गोल करत होतो तेव्हा पुतण्या म्हणाला, “काका, पेपर तपासताय का?” तो दहावीत आहे आणि या सगळ्या कामात टॉर्च धरण्याची जबाबदारी त्याच्याकडे होती. टॉर्च तो धरायचा, पण बघायचा मोबाइलमध्ये.

४. टिपकतं तिथे गळत नसतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी कौलारू घरात वाढलो. पावसाचा थेंब माजघरात देव्हाऱ्यासमोर पडायचा आणि फुटकं कौल सापडायचं ते थेट आढ्याजवळ. पाणी वाशावरून घरंगळत येतं आणि त्याला वाटेल तिथे सुटतं. दर वैशाखात कौलं परतताना अण्णांच्या हाती कौल द्यायला मीच असायचो. तरीही ४०७च्या खालच्या नळीच्या क्लिपवर थेंब लोंबताना दिसला आणि मी विजयी मुद्रेनं गाडीखालून बाहेर आलो. नवी नळी आणली. क्लिप इतकी आवळली की पट्टी रबरात रुतली, म्हणून आणखी एक नळी आणली. चौथ्या दिवशी पुठ्ठ्यावर ठिपके मोजून सात. वरून पंख्याचा वारा थेंब मागे उडवतो, त्यामुळे इंजिनाची अर्धी बाजू ओली दिसते आणि प्रत्येक जोड गुन्हेगार वाटू लागतो. नळी बिचारी सगळ्यांच्या खाली होती, एवढाच तिचा गुन्हा.

५. हळदीनं भोक बुजतं हे खरं आहे, आणि अडचण तिथेच सुरू होते. अण्णांच्या केबिनमध्ये स्टिअरिंगसमोरच्या कप्प्यात कागदपत्रं, उदबत्ती आणि हळदीची पुडी असायची. घाटात रेडिएटर फुटला तर चिमूट-दोन चिमूट हळद आत टाकायची. पाण्याबरोबर फिरत तिचे कण भोकापाशी जातात, फुगतात, अडकून बसतात आणि गाडी घरी पोचते. जुन्या ड्रायव्हरांना हे सांगावं लागत नाही. पण हळदीला गळकं भोक कोणतं आणि रेडिएटरची अरुंद नळी कोणती हे कसं कळणार? तिला दोन्ही सारखीच. अण्णांची हळद घाटातून घरी येण्यापुरती होती. माझी घरी बसूनच चालली होती. पंधरा दिवसांत मी पाव किलो जिरवली. स्वयंपाकघरातून विचारणा झाली तेव्हा दुधातून घेतो म्हणून सांगितलं.

६. ज्याच्यावर संशय असतो तो निर्दोष निघाला की आपल्याला आनंद होत नाही, राग येतो. मी रेडिएटर उतरवून दुरुस्तीवाल्याकडे नेला. जुना तांब्या-पितळेचा, त्यामुळे डाग देऊन दुरुस्त होण्यासारखा. त्यानं दोन्ही तोंडं रबराच्या बोळ्यांनी बंद केली, आत हवा भरली आणि पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसा रेडिएटर हौदात बुडवला. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. एक बुडबुडा नाही. “याला काही नाही झालं, गुरुजी,” तो म्हणाला. मग त्यानं वरची टाकी उघडली आणि आत जेजुरी. सोमवतीला गडाच्या पायऱ्या दिसतात तशा सगळ्या नळ्या पिवळ्याधमक. त्यानं बोट घालून चिमूटभर लगदा बाहेर काढला, हुंगला आणि विचारलं, “गाडीचं लग्न ठरलंय का?”

बाहेरची बाजूही काही भूषणावह नव्हती. जाळीच्या बारीक पापुद्र्यांत दहा दसऱ्यांचा झेंडू वाळून बसला होता. पाकळ्या, हाराचा दोरा, गवताच्या काड्या, माश्या. वारा जायला वाटच नव्हती. दर दसऱ्याला तिला हार घालणारा मी आणि तिचा श्वास कोंडणाराही मीच. त्या माणसानं प्रत्येक नळीतून सळई घालून रॉडिंग केलं, पापुद्रे ब्रशनं साफ केले आणि पैसे घेताना माझ्याकडे दयेनं पाहिलं. काटा त्या दिवसापासून बराच खाली राहू लागला. ठिपके मात्र सातच.

७. भोक दिसलं की बुजवावं, ही माणसाची मूळ वासना असावी. एका रात्री जेवणं झाल्यावर मी पाठीवर पडून खाली सरकलो. चाकांना दगड लावलेले, इंजिन बंद पण अजून गरम, पुतण्याचा टॉर्च, आणि माझ्या हातात अण्णांचा दाढीचा आरसा. पाण्याच्या पंपाच्या पोटाखाली, जिथे नजर सरळ जातच नाही तिथे, आरशात एक भोक दिसलं. बारीक, गोल. त्याच्या ओठावर एक हिरवा थेंब. तो फुगला, थबकला, सुटला, इंजिनाच्या तोंडावरच्या ओतीव भागावरून घरंगळत खालच्या नळीवर आला, नळीच्या पोटाला चिकटून क्लिपपर्यंत गेला, तिथे जरा विचार केला आणि माझ्या कानाशेजारी पुठ्ठ्यावर पडला. टप्प. पुतण्यानंसुद्धा मोबाइल खाली ठेवला. आम्ही असे पाच थेंब पाहिले.

हे भोक फारच नीट गोल आहे, दगड लागून असं भोक पडत नाही, ही शंका विज्ञानाच्या मास्तराला यायला हवी होती. आली नाही. सकाळी मी ती जागा घासून, पुसून कोरडी केली, एम-सीलच्या दोन्ही वड्या एकत्र मळल्या, पुरणाएवढा गोळा केला आणि अंगठ्यानं दाबून बसवला. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा. तिसऱ्या दिवशी कोरडा. मी पेढे आणले, कारण मात्र दुसरं सांगितलं. अकरा दिवस पुठ्ठा कोरडा राहिला आणि त्या अकरा दिवसांत मी गावातल्या किमान चौघांना, न विचारता, गळती कशी शोधावी हे समजावून सांगितलं.

८. ते भोक मुद्दाम ठेवलेलं होतं. पंपाच्या दांड्याच्या एका टोकाला पाणी ढकलणारं पातं असतं, दुसऱ्या टोकाला पट्ट्यावर फिरणारी पुली. पुलीकडच्या बाजूला बेअरिंग आणि पाणी तिकडे जाऊ नये म्हणून मध्ये एक सील. सील आज ना उद्या झिजणार हे पंप बनवणाऱ्याला पक्कं माहीत असतं. म्हणून सील आणि बेअरिंग यांच्या मधल्या जागेला खालून एक भोक देतात. सील पाझरू लागलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं, आणि मालकाला ते दिसावं. इतक्या वर्षांनी सील झिजलं, पाणी बाहेर आलं, मला दिसलं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. मी त्याच्या तोंडात बोळा कोंबला.

पाण्याला मग दुसरी वाट उरली नाही. ते बेअरिंगमध्ये गेलं, ग्रीस धुतलं, आणि बाराव्या दिवशी सकाळी इंजिनातून रातकिडा ओरडू लागला. मी आधी पट्ट्यावर आळ घेतला. पट्टा बिचारा ठीक होता. शेवटी मिस्त्री लोक करतात तसं केलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगाला टेकवलं आणि मूठ कानाला. (हे करताना गळ्यातला टॉवेल काढून ठेवावा. पंखा कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही.) कानात जात्यात वाळू गेल्यासारखा आवाज आला. इंजिन बंद करून पुली हातात धरून हलवली, तर ती पडायला आलेल्या दातासारखी डुलत होती. पाझरणारा पंप मला आणखी काही दिवस सांभाळून घेऊन चालला असता. बुजवलेला पंप बारा दिवसांत संपला.

९. बोल्ट तुटायचा असेल तर शेवटचाच तुटतो. पंपाच्या बोल्टांची लांबी सारखी नसते, म्हणून मी पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर पंपाची आकृती काढली आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या त्याच्या जागी भोक पाडून खोचला. माझ्या सगळ्या मोहिमेत हे एकच काम मला कुणालाही दाखवता येईल. गंजलेल्या बोल्टांवर रात्रभर डिझेल सोडलं, सकाळी हातोडीनं हलके ठोके दिले आणि रिंग पान्यानं एकेक सोडवत गेलो. शेवटचा एकच राहिला. चहा झाला होता, ऊन चढलं होतं, पान्याला पाइप लावून जोर केला. कट्ट. बोल्टाचं डोकं हातात आलं आणि दांडा ब्लॉकमध्ये राहिला.

तीन दिवस मी त्या बुंध्याकडे बघत होतो. चौथ्या दिवशी मिस्त्रीला निरोप पाठवला. तो वेल्डिंगचा संच घेऊन आला, उरलेल्या बुंध्यावर एक नट वेल्ड केला, नट लालसर असतानाच पाना लावला आणि बोल्ट लोण्यातून काढावा तसा फिरवून बाहेर काढला. पाव तास. पैसे घेतले नाहीत. हात पुसत गाडीभोवती एक फेरी मारली, पुठ्ठा पाहिला, खडूच्या रेघा पाहिल्या आणि हसला. ते पैशांपेक्षा महाग पडलं.

१०. लाज वाटली की मी खोटं बोलतो, हे या वयात समजलं. नवा पंप जुन्याशी ताडून घ्यावा म्हणून जुना पंप पिशवीत घालून स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोरानं तो उलटा केला. तिथे माझ्या अंगठ्याच्या ठशासकट एम-सीलचा गोळा. त्यानं आतल्या दोघांना हाक मारली. तिघांनी बघितलं. “काका, हे कुणी केलं?”

“आधीच्या मिस्त्रीनं,” मी म्हणालो.

“त्याच्याकडे परत जाऊ नका,” तो पोरगा कळवळून म्हणाला. मी जाणार नाही असं सांगितलं.

११. अण्णांनाही सगळं येत नव्हतं, हे कळून मला अनपेक्षित बरं वाटलं. पंपाबरोबर थर्मोस्टॅटचं घर उघडलं, तर आत थर्मोस्टॅटच नाही. गाडी तापते म्हटलं की तो काढून फेकायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. अण्णांनी तेच केलं होतं. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारी एक झडप. इंजिन गार असताना ती बंद राहते, साधारण ८० अंशांच्या पुढे मेण फुगतं आणि झडप उघडून पाणी रेडिएटरकडे जातं. ती काढली की इंजिन लवकर ऊब धरत नाही, डिझेल जास्त जळतं आणि झीज वाढते. थंडीत पहाटे नारायणगावला जाताना गाडी निम्म्या वाटेपर्यंत कुरकुरायची, ती अण्णांनीच लावलेली सवय होती तर.

त्या घराच्या तोंडाशी पॅकिंग होतं ते कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचं. जाड कागद कात्रीनं बरोबर आकारात कापलेला, बोल्टांची भोकं बहुतेक खिळ्यानं पाडलेली. ब्लेडनं खरवडताना एक तुकडा अख्खा निघाला आणि त्यावर अक्षरं दिसली: ‘ण्याचे करावे’. पुढचं-मागचं काही नाही. लग्न कुणाचं ते कळायला मार्ग नाही. त्या जोडातून कधी थेंबही आला नव्हता. मी तिथे दुकानातलं तयार पॅकिंग लावलं आणि तो तुकडा गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात ठेवला.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी दोऱ्याला बांधून पातेल्यात सोडला, शेजारी शाळेतल्या जुन्या तापमापीचा पारा. ८१ला काही नाही. ८३च्या आसपास झडप कळीसारखी उमलू लागली. बायकोलाही बघायला बोलावलं. तिनं पाहिलं आणि म्हणाली, “पातेलं कोणतं घेतलंत?” ते पातेलं आता गोठ्यात असतं.

१२. कूलंट बर्फासाठी असतं असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. ओतूरला कुठे बर्फ पडतो? अण्णा बोअरचं पाणी घालायचे, मीही घालत आलो. त्याच पाण्यानं आमच्या चहाच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो, हे मी रोज दोनदा पाहतो. तो थर इंजिनाच्या आतही बसत असेल असं कधी मनात आलं नाही. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात, आणि अर्धं कूलंट, अर्धं पाणी असलं तर मिश्रण उकळतंही उशिरा, झाकणाचा दाब नसतानाही १०६-१०७ अंशांना. आता मी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणून निम्मं-निम्मं भरतो.

पण त्याच डब्यावरचा बारीक मजकूर वाचताना माझ्या हातापायातलं बळ गेलं. बहुतेक कूलंट एथिलीन ग्लायकॉलचं असतं. चवीला गोड. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोडंसंसुद्धा त्यांची मूत्रपिंडं निकामी करून जीव घेतं. आमचा मोत्या दुपारी गाडीच्या सावलीत झोपतो. कित्येक आठवडे मी त्याच्यासमोर हिरव्या ठिपक्यांचं ताट मांडून ठेवलं होतं. मोत्या धडधाकट आहे. त्यात माझं कर्तृत्व काहीच नाही. काढलेलं जुनं कूलंट मी आता घमेल्यात न ठेवता लगेच झाकणाच्या कॅनमध्ये भरतो, आणि पुठ्ठा सकाळी उचलला की थेट गच्चीवर जातो.

१३. भरला म्हणजे भरला असं नसतं. नवा पंप बसला, पट्टा ताणला, रेडिएटर गळ्यापर्यंत भरला, झाकण लावलं, गाडी सुरू केली आणि दहा मिनिटांत काटा वर. मी मटकन दगडावर बसलो. आत हवा अडकली होती, एवढंच. पुतण्याच्या मोबाइलनं या वेळी उपयोगाचं काहीतरी सांगितलं. गाडी गार होऊ दिली, नाक चढाकडे करून उभी केली, झाकण काढलं आणि इंजिन संथ चालू ठेवून वरची नळी हातानं दाबत राहिलो. थर्मोस्टॅट उघडला आणि रेडिएटरच्या तोंडातून मोठा बुडबुडा आला. तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन पाठ थोपटावी आणि त्यानं ढेकर द्यावा, तसा. पातळी एकदम दोन बोटं खाली गेली. पुन्हा भरलं, पुन्हा ढेकर. चार वेळा झाल्यावर काटा मधोमध स्थिरावला आणि तिथेच राहिला.

त्यानंतर गाडी दोनदा माळशेजला जाऊन आली. जाताना भरलेली, उताराला. येताना रिकामी, चढाला. काटा हलला नाही. दसऱ्याला हार घातला तो बंपरला, जाळीला नाही. स्पेअर पार्टच्या दुकानात मी अजून गेलेलो नाही. काही लागलं तर पुतण्याला पाठवतो.

पुठ्ठा अजूनही रोज रात्री खाली सरकवतो. परवा सकाळी त्यावर एक ठिपका होता. हिरवा नव्हे, काळा. मागच्या बाजूला.